पडद्यावरचा बेसबॉल : गुणदोषांची पारख



दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की आमच्या कात्रजच्या चौकातल्या खेळण्यांच्या दुकानांपुढे मुले घुटमळू लागतात. दर्शनी भागात एक खोका मांडलेला असतो. त्यात एक लहानसे यंत्र, वायरीने जोडलेले दोन रिमोट आणि एक कॅसेट. यंत्र घरच्या टीव्हीला जोडायचे, कॅसेट खाचेत बसवायची, की पडद्यावर खेळांची भलीमोठी यादी उमटते. हेच दृश्य तालुक्याच्या बाजारात दिसते आणि जत्रेतही दिसते. मग मूल हट्ट धरते, आईबाप विचारात पडतात, आणि शेवटी शाळेत येऊन विचारतात, "गुरुजी, घेऊन द्यावं का हे?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक म्हणजे, "छे, छे! डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, नावच काढू नका." दुसरे म्हणजे, "घ्या हो, पोरं घरात तरी बसतील." माझ्या मते ही दोन्ही उत्तरे म्हणजे पारख नव्हे. बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खांदा बघतो, थोडा चालवून बघतो, आणि मग मोल बोलतो. खेळाच्या बाबतीत मात्र आपण खोक्यावरचे चित्र बघून हो म्हणतो, किंवा चित्रही न बघता नाही म्हणतो. आज मी या यादीतला एकच खेळ घेणार आहे आणि तो आपल्यापुढे चालवून बघणार आहे. त्या खेळाचे नाव बेसबॉल.

तुम्ही म्हणाल, क्रिकेट सोडून बेसबॉल का? त्याला कारण आहे. क्रिकेट आपल्या मुलांना अंगणातच येते. पडद्यावरच्या क्रिकेटने त्यांना काय शिकवले आणि गल्लीने काय शिकवले, हे वेगळे काढता येत नाही. बेसबॉल मात्र आपल्या बहुतेक मुलांनी पाहिलेलाही नसतो. तेव्हा पडद्यासमोर बसून त्यांना त्यातले जे काही कळले, ते त्या खेळण्याने शिकवले असे खुशाल धरून चालता येते. पारखीला असा खेळ सोयीचा.

आधी बेसबॉल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ आहेत, त्यामुळे शिक्षकबंधूंना आणि भगिनींना हे उपयोगी पडेल. मैदानावर एक चौकोन कल्पा, एका टोकावर उभा केलेला, म्हणजे शंकरपाळ्यासारखा. त्याच्या चार कोपऱ्यांना चार ठाणी. खालचे ठाणे ते होम. तेथून उजव्या हाताला पहिला बेस, समोर दुसरा, डावीकडे तिसरा. दोन ठाण्यांमधले अंतर ९० फूट. मध्ये उभा राहून चेंडू फेकणारा तो पिचर. तो होमपासून ६० फूट ६ इंचांवर असतो. आपल्या क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची, म्हणजे फारसा फरक नाही. पण येथे चेंडू टप्पा घेत नाही, सरळ हवेतून येतो. फलंदाजाने तो टोलवायचा, बॅट टाकायची आणि पहिल्या बेसकडे धूम ठोकायची. चारही ठाणी फिरून परत होमला आला, की एक धाव.

आता यातली गंमत पाहा. क्रिकेटमध्ये चेंडू मारूनही फलंदाज "नाही" म्हणून जागच्या जागी थांबू शकतो. बेसबॉलमध्ये चेंडू आत मारला, की पळावेच लागते. दुसरी गंमत अशी, की चेंडू होमच्या पट्टीवरून, म्हणजे १७ इंच रुंदीतून, आणि फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंतच्या उंचीतून आला पाहिजे. तसा आला आणि फलंदाजाने सोडला, तर तो स्ट्राइक. फलंदाजाने बॅट फिरवली आणि चुकली, तरीही स्ट्राइकच. असे तीन झाले, की फलंदाज बाद. उलट पिचरने बाहेर टाकलेले चार चेंडू फलंदाजाने शहाणपणाने सोडले, तर त्याला पहिला बेस फुकट. तीन गडी बाद झाले, की पाळी दुसऱ्या संघाची. दोन्ही संघांची एकेक पाळी मिळून एक डाव, आणि असे नऊ डाव. संघातले खेळाडूही नऊच.

हा खेळ अमेरिकेतला; पण तो आपल्यासमोरच्या खेळण्यात आला तो जपानमार्गे. आणि जपानात तो नेला, असे सांगतात, एका शिक्षकाने. होरेस विल्सन नावाचे अमेरिकन गृहस्थ टोकियोच्या एका विद्यालयात शिकवत असत. त्यांनी १८७२च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला. पुढे तो तेथे असा रुजला, की १९३६ साली जपानात व्यावसायिक संघांच्या स्पर्धा सुरू झाल्या. आपल्याकडे क्रिकेट जसे घराघरात, तसा तेथे बेसबॉल.

म्हणून निन्टेन्डो या जपानी कंपनीने जुलै १९८३मध्ये घरच्या टीव्हीला जोडायचे 'फॅमिकॉम' नावाचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी बेसबॉलची कॅसेटही काढली. पुढे हेच यंत्र वेगळ्या रूपात अमेरिकेत गेले आणि साऱ्या जगात मिळून सहा कोटींहून अधिक खपले. आपल्याकडे १९९०नंतरच्या दशकात जी यंत्रे घरोघर आली, ती बहुतेक या फॅमिकॉमचीच दुसऱ्यांनी काढलेली भावंडे. 'समुराई' हे त्यांतले एक नाव पस्तिशी-चाळिशीतल्या श्रोत्यांना आठवत असेल. आज खेळण्यांच्या दुकानांतले स्वस्त यंत्र त्याच कुळातले. त्यातल्या अनेक मिश्र कॅसेटींमध्ये हा १९८३चा बेसबॉल अजून जिवंत आहे.

या खेळाला यंत्राच्या स्मरणात जागा किती लागते, सांगू? फक्त २४ किलोबाइट. मी आता आपल्यापुढे जे भाषण वाचतो आहे, तेच देवनागरीत संगणकावर उतरवले, तर ते त्या जागेत मावणार नाही! एवढ्याशा जागेत मैदान, दोन संघ, पंच, नियम, सगळे बसवलेले आहे. ज्याने संसार मांडला त्याच्याकडे भांडी किती होती, हे लक्षात घेऊन मगच त्याच्या स्वयंपाकाला नावे ठेवावीत.

तर आता गुण पाहू.

पहिला गुण असा, की खेळाचा जो गाभा, म्हणजे पिचर आणि फलंदाज यांची जुगलबंदी, तो यात नेमका पकडला आहे. फेकणाऱ्याला वेगवान चेंडू टाकता येतो, मुद्दाम संथ टाकता येतो, डावीउजवीकडे वळवता येतो. फलंदाजाला जागेवर थोडे सरकता येते आणि बॅट केव्हा फिरवायची हे ठरवता येते. एवढेच. पण या एवढ्याशातून केवढा खेळ उभा राहतो! दोन वेगवान टाकले, आता हा तिसराही वेगवान टाकेल का? की संथ टाकून फसवेल? समोरच्याच्या मनातले ओळखायचे, आणि आपल्या मनातले त्याला ओळखू द्यायचे नाही. कुस्तीच्या हौद्यात दोन मल्ल नुसती खडाखडी करीत असतात, तेव्हा नवख्याला वाटते काहीच चाललेले नाही. जाणकार मात्र श्वास रोखून बघत असतो. तशातलाच हा प्रकार.

दुसरा गुण म्हणजे संयमाची शिकवण. मुले प्रथम खेळतात तेव्हा येईल त्या चेंडूवर बॅट फिरवतात आणि तीनदा चुकून बाद होतात. हळूहळू त्यांच्या ध्यानात येते, की न मारण्यालाही मोल आहे. बाहेरचे चार चेंडू सोडले, की बेस मिळतो. "काही केलं नाही तरी मिळतं कसं?" असे एका मुलाने मला विचारले. मी म्हटले, "तू काही केलं नाहीस असं नाही. तू बघितलंस."

तिसरा गुण रचनेतला आहे आणि तो मला फार आवडतो. रिमोटवर दिशेची जी कळ असते, ती अधिकच्या चिन्हासारखी, चार टोकांची. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाती आला, की तो कोठे फेकायचा हे या कळीने सांगायचे. उजवे टोक म्हणजे पहिला बेस, वरचे म्हणजे दुसरा, डावे तिसरा आणि खालचे होम. म्हणजे हातातल्या कळीचा आणि मैदानाचा आकार एकच! ज्याला इंग्रजीचे अक्षर येत नाही, त्या मुलाच्याही बोटांना मैदानाचा नकाशा आपोआप पाठ होतो. नकाशा शिकवणाऱ्या शिक्षकाला यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

चौथा गुण, दोघांनी शेजारी बसून खेळायची सोय. एका यंत्राला दोन रिमोट. हरणारा आणि जिंकणारा एकाच सतरंजीवर. हरल्यावर समोरच्याचे तोंड बघावे लागते, आणि जिंकल्यावर फार मिरवले तर धपाटा बसतो. हे शिक्षण छोटे नाही.

आणि पाचवा गुण म्हणजे हा खेळ एकदा घेतला, की पुन्हा काही मागत नाही. नऊ डाव झाले, की तो संपतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि मध्येच पैसेही मागत नाही. आजच्या काळात हा गुण मोठाच म्हटला पाहिजे.

आता दोषांकडे वळू.

सगळ्यात मोठा दोष क्षेत्ररक्षणाचा. फलंदाजाने चेंडू टोलवला, की पडद्यावर सारे मैदान दिसू लागते आणि क्षेत्ररक्षक आपले आपणच चेंडूकडे पळू लागतात. त्यांना पळवणे खेळणाऱ्याच्या हाती ठेवलेलेच नाही. आणि ते पळतातही कसे, तर पोट भरलेल्या म्हशीसारखे! चेंडू शेजारून जातो आहे, हे आपल्याला दिसते, पण काही करता येत नाही. सातवीतली एक मुलगी वैतागून म्हणाली, "सर, मी त्याच्या जागी असते तर पकडला असता!" तिने एका वाक्यात सगळे परीक्षण केले. चांगल्या खेळात हरल्यावर मूल म्हणते, "मी चुकलो." या खेळात ते म्हणते, "तो पळालाच नाही." जेथे निर्णय आपला नाही, तेथे हार आपली वाटत नाही, आणि जी हार आपली वाटत नाही, तिच्यातून माणूस काही शिकत नाही.

याहूनही खोल एक गोष्ट आहे. बेसबॉलच्या संघात नऊ जण असतात. या खेळण्यात खरे खेळतो तो एकटा पिचर. बाकीचे आठ जण चावीची बाहुली. म्हणजे मुलाच्या मनावर नकळत ठसते, की खेळ म्हणजे दोन नायकांची झुंज आणि इतर सगळे भरतीचे. खऱ्या मैदानावर असे नसते. तेथे ज्याच्याकडे चेंडू आलाच नाही, त्यालाही दुसऱ्याच्या मागे आधाराला पळावे लागते.

दुसरा दोष, संघांतला सारखेपणा. निवडायला सहा संघ आहेत. पण त्यांना पुरती नावेही नाहीत, नुसती एकेक इंग्रजी अक्षरे आहेत. फरक काय तो कपड्यांच्या रंगात. अमका खेळाडू चपळ, तमका दणकट, असे काही नाही. त्यामुळे "याला आता पाठवू, त्याला मागे ठेवू" हा कर्णधाराचा विचार करायला जागाच उरत नाही.

तिसरा दोष असा, की खेळ काहीही समजावून सांगत नाही. मूळ कॅसेटीबरोबर माहितीची पुस्तिका असे. आपल्याकडच्या मिश्र कॅसेटीबरोबर चिठोरेही नसते. फलंदाज एकाएकी बाद का झाला, धावपटू मागे का फिरला, हे मुलाने आपल्या अंदाजाने शोधायचे. कात्रजच्या तलावाचे पाणी पेशव्यांच्या काळी बांधीव भुयारी नळातून शहरात खेळवले होते, हे आपण ऐकले असेल. हौदावर आलेल्याला पाणी दिसे. ते जमिनीखालून कसे आले, हे दिसत नसे. या खेळाचे तसेच आहे. पडद्यावर परिणाम दिसतो, नियम जमिनीखालून वाहतो. जवळ जाणते माणूस असेल, तर हा दोष निम्मा कमी होतो. नसेल, तर मूल कंटाळून दुसऱ्या खेळाकडे वळते.

आता कोणी म्हणेल, "अहो, १९८३चे यंत्र ते! त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करणार?" ही तक्रार रास्त आहे, पण पुरती खरी नाही. तीनच वर्षांनी, डिसेंबर १९८६मध्ये, नामको या दुसऱ्या जपानी कंपनीने याच फॅमिकॉमसाठी 'फॅमिली स्टेडियम' नावाचा बेसबॉल काढला. यंत्र तेच, रिमोट तोच. पण त्यात क्षेत्ररक्षक पळवणे खेळणाऱ्याच्या हाती दिले होते आणि खेळाडूंना वेगवेगळी नावे व वेगवेगळे कसब होते. तेव्हा दोष सगळा यंत्राच्या माथी मारता येत नाही. खेळणाऱ्यावर किती विश्वास टाकायचा, हा प्रश्न होता. पहिल्या खेळाने थोडा टाकला, दुसऱ्याने अधिक टाकला, आणि दुसरा अधिक चांगला ठरला.

मग आजचे नवे, महागडे खेळ सर्वगुणसंपन्न असतील का? तसेही नाही. सोनी कंपनीच्या अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टुडिओने 'एमएलबी द शो' ही खेळांची मालिका २००६ साली सुरू केली. तिच्यात गवताची पाती दिसतात, खेळाडूंचे चेहरे ओळखू येतात, प्रत्येक क्षेत्ररक्षक हलवता येतो. २०२३च्या आवृत्तीत एक फार चांगली गोष्ट केली आहे. अमेरिकेत १९४७ साली जॅकी रॉबिन्सन मोठ्या संघात येईपर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या मोठ्या स्पर्धांची दारे बंद होती. त्यांना आपल्या वेगळ्या संघांतून खेळावे लागे. त्या खेळाडूंच्या कथा या खेळात सांगितल्या आहेत, आणि खेळता खेळता त्या ऐकायला मिळतात. इतिहास शिकवण्याची ही रीत आपणही उचलावी अशी आहे. पण त्याच मालिकेत खेळाडूंची पत्ते गोळा करण्याची एक सोय आहे. ती पत्ते खेळूनही मिळतात, आणि खऱ्या पैशांनी खेळातले चलन विकत घेऊनही मिळवता येतात. म्हणजे मैदान सुधारले, पण मैदानाच्या दाराशी सोरटवाला येऊन बसला. जुना खेळ काही मागत नव्हता, हा नव्या खेळाच चालू असतो. म्हणून सांगतो, नवे ते सोने आणि जुने ते पितळ, हा हिशेब खेळांना लागू पडत नाही.

श्रोतेहो, पारखीची शेवटची पायरी म्हणजे चालवून बघणे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची दहाबारा मुले या खेळात चांगली रमली होती. एक दिवस मी त्यांना घेऊन मोकळ्या जागेवर गेलो. कात्रजला मोकळी जागा आता शोधावी लागते. डोंगराच्या पायथ्यापर्यंत घरे येऊन भिडली आहेत. पण एक तुकडा सापडला. चार रिकामी पोती अंथरून ठाणी केली, एक जुनी बॅट आणि टेनिसचा चेंडू घेतला, आणि म्हटले, "चला, पडद्यावरचं इथं करून दाखवा."

जे दिसले ते मी मनात नोंदवून ठेवले. मुलांना ठाण्यांचा क्रम बिनचूक ठाऊक होता. तीन स्ट्राइक, चार बाहेरचे चेंडू, तीन बाद, हे सगळे तोंडपाठ. फलंदाज वाईट चेंडू सोडत होते, याचे मला खरोखर नवल वाटले. एवढे सगळे त्या २४ किलोबाइटच्या खेळण्याने शिकवले होते, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण चेंडू टोलवला गेला, की सगळा गोंधळ! जो तो आपल्या जागी उभा, आता कोणीतरी पळेल म्हणून वाट बघतो आहे. एकाने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे झोकात फेकला, तर तेथे कोणी उभेच नव्हते. पडद्यावर तेथे नेहमी कोणीतरी असते. मैदानावर तेथे कोणीतरी जावे लागते. जे खेळण्याने शिकवले ते मुलांना आले होते, आणि जे त्याने मुलांच्या हातून काढून घेतले होते, नेमके तेवढेच आले नव्हते. गुणदोषांचा याहून चोख ताळेबंद कोणता मिळणार?

पण याच मैदानावर मला एक दुसरी गोष्टही दिसली, आणि ती सांगितल्यावाचून माझे परीक्षण एकांगी होईल. त्या मुलांत एक जण पायाने अधू आहे. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये त्याच्या वाट्याला काय येते, हे तुम्हाला ठाऊक आहे: कडेला बसायचे आणि नाल्यात गेलेला चेंडू कोणी काढला ते बघायचे. पडद्यासमोर मात्र तो बरोबरीचा होता, आणि दोघातिघांना भारीच होता. मैदानावर आल्यावर तो सवयीने कडेला जाऊन बसला. तेवढ्यात एका चेंडूवरून वाद झाला, आत होता की बाहेर. वाद घालणारे दोघेही एकदम त्याच्याकडे वळले, "तू सांग रे!" कारण सगळ्यांत बारीक नजर त्याची, हे त्यांनी पडद्यासमोर अनुभवले होते. त्या दिवशी उरलेला सगळा खेळ तो होमच्या मागे पंच म्हणून उभा होता, आणि त्याचा निकाल कोणी मोडला नाही. जे लोक पडद्यावरच्या खेळांना सरसकट नाव ठेवतात, त्यांनी या मुलाचा विचार करावा. आणि जे लोक पडदाच पुरे म्हणतात, त्यांनी हा विचार करावा, की मैदानावर गेलो नसतो, तर त्याच्या नजरेचा उपयोग कोणाला कळला नसता.

आता शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी चार प्रश्न देतो. खेळ कोणताही असो, खोका घरी नेण्यापूर्वी हे विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न, यात निर्णय कोण घेतो, मूल की यंत्र? दुसरा, हरल्यावर का हरलो हे मुलाला कळते का? तिसरा, शेजारी दुसऱ्या मुलाला बसायला जागा आहे का? आणि चौथा, खेळ संपतो का, की संपू न देता पैसे नाहीतर वेळ मागत राहतो? आपल्या बेसबॉलला पहिल्या प्रश्नात निम्मे गुण मिळतील, दुसऱ्यात त्याहून थोडे कमी, तिसऱ्यात आणि चौथ्यात पुरेपूर. म्हणजे उत्तीर्ण म्हणायला हरकत नाही. पण क्षेत्ररक्षणाच्या पेपराला पुन्हा बसवावे लागेल!

खरेदीपूर्वी दोन व्यवहाराच्या गोष्टी. या स्वस्त यंत्रांतले बरेचसे खेळ मूळ कंपनीच्या परवानगीवाचून नकललेले असतात. मूळ बेसबॉल निन्टेन्डोने २०१८पासून आपल्या नव्या यंत्रावर वर्गणीदारांसाठी रीतसर दिला आहे, पण ते यंत्र खर्चिक. दुसऱ्याच्या वहीतून उतरवू नये, असे आपण वर्गात सांगतो. तेव्हा नक्कल म्हणजे काय, हे मुलांना या निमित्ताने मोकळेपणाने सांगावे. दुसरी गोष्ट, यादीत शेकडो खेळ लिहिलेले असले, तरी तेच तेच खेळ वेगळ्या नावांनी पुन्हा येतात. आकड्याला भुलू नये. आणि हो, कॅसेट चालली नाही की मुले तिच्यात फुंकर मारतात. फुंकरीने काही होत नाही. उलट तोंडातली ओल धातूच्या पट्ट्यांवर बसून त्या गंजतात. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवावी, हेच औषध.

ज्या शाळेत यंत्रही नाही आणि टीव्हीही नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. चार पोती, एक बॅट आणि टेनिसचा चेंडू एवढ्यावर बेसबॉल होतो. लहान मुलांसाठी ठाण्यांमधले अंतर ६० फूट आणि पिचरचे ४६ फूट ठेवावे. अमेरिकेतल्या लहान मुलांच्या स्पर्धांतही हीच मापे आहेत. खरा बेसबॉलचा चेंडू जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढा जड आणि टणक असतो, तेव्हा हातमोज्यांवाचून तो वापरू नये. आणि एक नियम घालावा: दर डावाला प्रत्येकाने जागा बदलायची. आज जो पिचर, तो पुढच्या डावात लांब कोपऱ्यात उभा राहील. म्हणजे चेंडू आपल्याकडे येत नसतानाही कोठे पळायचे असते, हे प्रत्येकाला पायांनी कळेल. ज्याला पळता येत नाही, त्याला पंचाची किंवा गुणलेखकाची जागा द्यावी, पण ती दया म्हणून देऊ नये. त्याची नजर पारखून द्यावी.

पडद्यावरच्या बेसबॉलबद्दल माझा निकाल असा, की चेंडू ओळखायला तो चांगला शिकवतो, सोबत्याच्या मागे उभे राहायला मुळीच शिकवत नाही. यंत्र घरी आणले असेल, तर नऊ डाव खेळू द्यावेत, शेजारी बसून दोनचार नियम समजावून द्यावेत, आणि मग टीव्ही बंद करून मुलांच्या हाती पोती द्यावीत. उरलेला अर्धा खेळ ती पोती शिकवतील.